फक्त पी आणि एल

कार्समध्ये जानेवारीत लॅपटॉपही खोकतात.
नेझाहत हानमचा बारा वर्षांचा, एक बिजागरी तुटलेली,
शालीत गुंडाळून आणला होता, तान्ह्या कोकरासारखा.
"मरायला टेकलाय का बघ."
मी म्हटलं, धुगधुगी आहे, अंगावर कपडेच फार झालेत.
सगळे उतरवले. हलकं लिनक्स चढवलं,
दोन जीबीत मावणारं, नखरे नसलेलं,
चहा निवायच्या आत उठून बसणारं.

त्यांनी बोटं ठेवली, न बघता.
एकतीस वर्षं कोर्टात टंकलेखिका:
कान न्यायाधीशाकडे, नजर खिडकीबाहेर.
पडद्यावर उमटलं
जे एफ यू एफ यू.
"मी 'करार' लिहिलं," त्या म्हणाल्या.
आमच्याकडे करार म्हणजे निकाल.
"हा शब्द माझा झोपेतही चुकत नाही."

चुकला नव्हताच.
त्यांच्या हाताचं वळण एफ कळफलकाचं,
जिथं ए आणि के तर्जनीखाली आपणहून येऊन बसतात.
आणि आता दुकानात, शाळेत, बँकेत, जिकडेतिकडे क्यू.
मी टर्मिनल उघडलं. भाषा तुर्की, प्रकार एफ.
एंटर.
काही हललं नाही. कळा जागच्या जागी,
त्यांच्यावर छापलेलं मात्र खोटं ठरलं, एकजात.
फक्त पी आणि एल खरे राहिले,
उलटतपासणीत न फुटलेले दोन म्हातारे साक्षीदार.

"नवी अक्षरं चिकटवून देऊ?"
"कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी गुडघाभर बर्फातून परत.
"मला आत घेत नाही रे हा."
परवलीचा शब्द बरोबर होता, दहादा बरोबर होता,
पण उमटतात ते ठिपके,
आणि ठिपक्याला कुठली लिपी?
मग माझी ट्यूब पेटली. बदल मी घरात केला होता,
दारावरचा पहारेकरी अजून क्यूच बोलत होता.
खोल आत एक फाइल असते, तिच्यात एक ओळ.
तिथं एफ लिहिलं. यंत्र बंद, पुन्हा चालू.
बाईंनी नाव सांगितलं, दार उघडलं.
पैसे विचारले. मी आकडा सांगितला, त्यांनी निम्मा दिला.

उठल्या नाहीत पण. शेगडीजवळची खुर्ची ओढली.
"कोर्टात काय असतं, साक्षीदार बोलतो,
साहेब त्याचं सार काढतात, मी साराला टंकते.
शहाऐंशी साली एक मेंढपाळ पोरगा उभा होता.
पाऊण तास बोलला. मधेमधे त्याच्या भाषेत.
साहेब म्हणाले, लिहा: घटना पाहिली नाही.
लिहिलं.
'ध'चा 'मा' करायला शाई सांडावी लागत नाही,
बोटं माझीच होती."

मग टंकायला लागल्या.
कौलांवर गारा पडाव्यात तसा आवाज.
मला पडदा दिसत नव्हता, कळा दिसत होत्या,
मी छापील अक्षरं वाचत गेलो, सगळा पालापाचोळा,
मधेच एखादा पी, एखादा एल.
दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाचा चार्जर, एकाची चौकशी.

आणि त्या थांबल्या.
मान खाली घातली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा असेल,
कळांकडे बघितलं, आणि कळा खोटं बोलत होत्या.
"डब्ल्यू कुठं असतो?"
आमच्या वर्णमालेत तो नाहीच,
त्यांना कधी लागलाच नव्हता.
पोराचा तो शब्द त्यांनी हळूच उच्चारून पाहिला.
मला माहीत होता. माझी आई तो रोज वापरते,
दारं लावून घेतल्यावर.
"वरची ओळ," मी म्हटलं, "अगदी उजवीकडे,
जिथं दोन टिंबांचा यू छापलाय तिथं."
त्यांची करंगळी निघाली,
ताणली,
थोडी कमी पडली.
मग त्यांनी सगळा हातच उचलला.